उत्तरेचा वारा ओसरल्यावर

माघ सरत आला आहे. पहाटे दार उघडताना अंगावर घ्यावी लागणारी शाल पुन्हा पेटीत गेली, दारच्या आंब्याखाली मोहोराचा सडा पडू लागला आणि दुपारच्या वेळी पंख्याच्या बटणाकडे हात आपोआप जाऊ लागला. उत्तरेकडून आलेली गार हवेची लाट आपल्या किनाऱ्याला दोन-चार पहाटे शिवून परतली. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर 'किमान तापमानात वाढ' अशा तीन शब्दांच्या मथळ्याखाली ही वार्ता छापली जाते. वाचक तिच्यावरून नजर फिरवतो आणि पान उलटतो. आज आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम याच वार्तेकडे वेधू इच्छितो. थंडी गेली, ही किनारपट्टीच्या वर्षचक्रातील एक महत्त्वाची सूचना आहे. ती मिळाल्यापासून उन्हाचा पहिला तडाखा बसेपर्यंत आपल्या हाती फार तर तीन-चार आठवडे असतात. कधी तेवढेही नसतात. या आठवड्यांचे आपण काय करतो, यावर बागायतदाराचे वर्षाचे उत्पन्न, रानांचे रक्षण, गावांचे पाणी आणि उन्हात राबणाऱ्या माणसाचा जीव अवलंबून असतो.

ही थंडी येते कोठून आणि जाते कशी, हे आधी समजून घेतले पाहिजे. उष्ण हवेच्या प्रदेशात थंड हवेचा लोट घुसतो तेव्हा दोहोंच्या सीमेवर जी रेषा तयार होते, तिला हवामानशास्त्रात शीत आघाडी म्हणतात. हा शब्द रणांगणावरून आला आहे. पहिले महायुद्ध संपता संपता नॉर्वेतील बर्गेन येथे व्हिल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचे चिरंजीव याकोब आणि त्यांचे सहकारी हवेच्या या झुंजीचा अभ्यास करीत होते. युरोपातील युद्धाच्या आघाड्यांची वर्णने रोज कानी पडत असताना त्यांनी तेच नाव हवेच्या सीमारेषेलाही दिले. आपल्या देशात हिवाळ्यामध्ये ही आघाडी 'पश्चिमी झंझावात' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रणालींबरोबर येते. भूमध्य समुद्र आणि कास्पियन समुद्राच्या परिसरातून निघालेली ही कमी दाबाची क्षेत्रे इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतात. काश्मीर-हिमाचलात हिमवर्षाव होतो, पंजाब-हरियाणात गव्हाला पोषक असा पाऊस पडतो. झंझावात पूर्वेकडे सरकला की त्याच्या पाठोपाठ वायव्येकडील कोरडी व बोचरी हवा मैदानात उतरते. हिवाळ्याच्या ऐन महिन्यांत अशा चार-सहा प्रणाली तरी येऊन जातात.

आपल्या गोमंतकापर्यंत ही आघाडी स्वतः सहसा पोचत नाही. पोचतो तो तिचा पदर. राजस्थान, गुजरात, उत्तर महाराष्ट्र असा प्रवास करीत उत्तरेचा वारा कोकणात शिरतो, तेव्हा त्याची धार बरीच बोथट झालेली असते. तरीही त्याचा प्रताप कमी नसतो. मुंबईत सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत घसरला होता. दापोलीच्या पठारावर एक आकडी तापमानाची नोंद अधूनमधून होत असते. पणजीत मात्र जानेवारी-फेब्रुवारीतील सरासरी किमान तापमान वीस अंशांच्या आसपास असते. ते सतरा-अठरावर उतरले की आपण 'थंडी पडली' म्हणतो आणि दिल्लीकर आपल्याला हसतात. हसोत बापडे. वीस अंशांवर जगणाऱ्या झाडाला आणि माणसाला तीन-चार अंशांचा फरकही पुष्कळ असतो. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरकुशीत पहाटेचा गारवा पणजीपेक्षा अधिक असतो, आणि याच गारव्याच्या जिवावर आंबा-काजूचा मोहोर उभा असतो.

झंझावात पुढे सरकला, उत्तरेचा वारा ओसरला, की आपल्या समजुतीप्रमाणे वसंत येतो. पंचांगात वसंतपंचमी माघात असते आणि वसंत ऋतू चैत्र-वैशाखात. वेधशाळेच्या कोष्टकात मात्र वसंत नावाचा ऋतूच नाही. भारतीय हवामान खाते वर्षाचे चार भाग करते : जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मोसमी पावसापूर्वीचा उन्हाळा, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर पावसानंतरचा काळ. २८ फेब्रुवारीला हिवाळा संपतो आणि १ मार्चला उन्हाळा सुरू होतो. कवीला हे अरसिकपणाचे वाटेल. परंतु किनाऱ्यावर राहणाऱ्याने प्रांजळपणे विचार केला तर वेधशाळेचे म्हणणे त्याला पटेल. आपल्या भूमीवर वसंत हा ऋतू नसून एक संधिकाल आहे. पांगारा फुलतो, काट्यांची सावर लाल होते, कोकिळेला कंठ फुटतो, करवंदीच्या जाळीत पांढरी फुले दिसू लागतात, आणि हे सारे पाहून होते न होते तोच ऊन माथ्यावर येऊन बसते.

आपल्याकडे एक समज रूढ आहे की खरे ऊन मे महिन्यातले. अंगाची काहिली मे महिन्यात अधिक होते, कारण तेव्हा हवेतील दमटपणा वाढलेला असतो. पण पाऱ्याचे उच्चांक पाहिले तर किनारपट्टीचा हिशेब वेगळा दिसतो. सांताक्रूझ येथील आजवरचे सर्वाधिक तापमान ४२.२ अंश असून ते १४ एप्रिल १९५२ रोजी नोंदले गेले. २८ मार्च १९५६ रोजी त्याच ठिकाणी ४१.७ अंशांची नोंद झाली. हे दोन्ही दिवस मे महिन्याच्या आधीचे आहेत. याचे कारण वाऱ्याच्या दिशेत आहे. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते. हा खारा वारा किनाऱ्याचा रक्षणकर्ता. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आणि मार्चमध्ये काही दिवस असे येतात की दख्खनच्या पठारावरून पूर्वेचा कोरडा वारा जोराने वाहू लागतो. सह्याद्री उतरून खाली येताना हवा दाबली जाते आणि दर हजार मीटरला सुमारे दहा अंशांनी तापते. हा तापलेला वारा खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच थोपवून धरतो. एरवी दुपारी बाराच्या सुमारास येणारी समुद्राची झुळूक दोन-तीन वाजेपर्यंत येत नाही, आणि तेवढ्या वेळात पारा अडतीसच्या घरात जाऊन पोचतो. मे महिन्यापर्यंत समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे स्थिर झालेले असतात, म्हणून पारा तेव्हा एवढा चढत नाही. थोडक्यात, थंडीचा निरोप आणि उन्हाचा पहिला वार यांत आपल्याकडे फारसे अंतर नसते. दोन्ही एकाच वाऱ्यावर, त्याच्या दिशेतील थोड्याशा पालटावर अवलंबून असतात.

२०२३ सालची आठवण वाचकांना असेल. त्या वर्षीचा फेब्रुवारी देशभरातील सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनच्या नोंदींमधील सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. मार्च उजाडताच गोव्यात उष्णतेच्या लाटेचा इशारा आला आणि ९ व १० मार्च रोजी राज्यातील शाळा दुपारी बारापूर्वी सोडण्याचा आदेश निघाला. त्याच सुमारास म्हादई अभयारण्यात वणवे पेटले. सत्तरीचे डोंगर रात्री लाल दिसत होते. दिवसचे दिवस आग आटोक्यात येईना, तेव्हा नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणून वरून पाणी ओतावे लागले. वनरक्षक आणि गावकरी हातात हिरवे टहाळे घेऊन आगीशी झुंजले. त्या आगी कोणी लावल्या आणि कशा लागल्या, याची चर्चा पुष्कळ झाली. ती व्हायलाच हवी होती. परंतु एक गोष्ट त्या चर्चेत हरवली : ठिणगी कोणाचीही असो, ती पडण्यापूर्वी रान चुलीतल्या पाचोळ्यासारखे वाळलेले होते, आणि ते वाळणार हे पूर्वेचा वारा सुटला त्या दिवशीच कळण्यासारखे होते.

दुसरी आठवण अधिक दुःखद आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर भरदुपारी एक शासकीय समारंभ झाला. लाखोंचा समुदाय उन्हात बसून होता. उष्माघाताने चौदा जणांचा बळी गेला. त्या दिवशी परिसरातील पारा चाळीस अंशांपर्यंत पोचलेला नव्हता. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला ज्या आकड्याचे काहीच वाटणार नाही, त्या आकड्याने किनाऱ्यावर प्राण घेतले. हवामान खात्याच्या निकषांतही हा भेद मान्य केलेला आहे : मैदानी प्रदेशात उष्णतेच्या लाटेची चर्चा चाळीस अंशांपासून सुरू होते, तर किनारपट्टीवर कमाल तापमान सदतीस अंश किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर गेले की ती लाट समजली जाते. कारण उघड आहे. माणसाचे शरीर घाम सुकवून स्वतःला गार ठेवते. दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता वाहतो. म्हणून किनाऱ्यावर छत्तीस अंशांचा दिवसही, लाटेच्या व्याख्येत बसला नाही तरी, मजुराच्या जिवाशी खेळू शकतो. 'लाट जाहीर झालेली नाही' या चार शब्दांच्या आड कोणा कंत्राटदाराला किंवा अधिकाऱ्याला लपता येऊ नये.

आता बागायतीकडे वळू. मानकुराद असो वा हापूस, आंब्याला थंडी हवी, पण ती वेळेवर हवी आणि बेताची हवी. मार्गशीर्ष-पौषातील कोरडी थंडी मोहोर आणते. मोहोरातून फळ धरू लागले, वाटाण्याएवढी, गोटीएवढी कैरी लागली, आणि अशा वेळी नव्याने थंडीची लाट आली, तर झाडाला पुन्हा मोहोर फुटतो. घरात दुसरे मूल आले की पहिल्याच्या वाटणीचे दूध आटते, तसे अन्नरस नव्या मोहोराकडे वळतात आणि आधी धरलेली फळे गळून पडतात. फार थंडीत आलेल्या मोहोरात नर फुलांचे प्रमाणही वाढते, म्हणजे झाड फुलांनी लदलेले दिसते आणि फळ मात्र थोडके. पुढे थंडी एकदम हटली, ढग आले, हवा दमट झाली की तुडतुडे आणि भुरी यांचे फावते. पाठोपाठ कडक ऊन पडले तर कैरीवर डाग पडतात, गळ वाढते, आणि हापूसच्या पिकलेल्या फळात साका निघतो तो वेगळाच. मानकुरादला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा आम्हांला आनंद आहे. हंगामाच्या आरंभी डझनाला हजारो रुपये मोजणारेही आहेत. परंतु तो भाव ऐकून बागायतदाराचा हेवा करणाऱ्यांनी त्याच्या झाडाखाली एकदा फेब्रुवारीअखेर उभे राहून गळलेल्या कैऱ्या मोजाव्यात.

काजूचे गणित याहून थोडे निराळे आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले हे झाड आज गोव्यात पन्नास हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र व्यापून आहे. भाताइतकाच या पिकाचा आपल्या गावांना आधार आहे. काजूला कोरडी, निरभ्र हवा मानवते. झंझावातामागून ढगाळ हवामान रेंगाळले तर ढेकण्या कोवळ्या पालवीतला आणि मोहोरातला रस शोषतो, आणि फांद्या जळल्यासारख्या काळ्या पडतात. उलट ऊन फार लवकर तापले तर मोहोर करपतो आणि बी भरत नाही. बोंडू कमी तर हुर्राक कमी, फेणी कमी. भाटीवर राबणाऱ्याचा आणि डोंगरात बिया वेचणाऱ्या बायाबापड्यांचा रोजगारही तेवढाच कमी. आगरवाडे, रायबंदर, नेरूल येथील मिठागरांचे मात्र नेमके उलट आहे. त्यांना ऊन आणि वारा दोन्ही हवे असतात. सूर्य जितका तापेल तितके मीठ लवकर धरते. त्यांचे वैर अवकाळी सरीशी. महिन्याभराची मेहनत एका तासाच्या पावसात विरघळून जाते. एकच हवामान एकाला तारते आणि शेजारच्याला बुडवते, म्हणून सर्वांना मिळून एकच सल्ला देऊन भागत नाही. अंदाज ज्याच्या त्याच्या कामाच्या भाषेत पोचला पाहिजे.

पाण्याचा प्रश्न सर्वांना समान आहे. साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणारे आपले राज्य मार्चमध्ये टँकरकडे डोळे लावून बसते, ही गोष्ट परप्रांतीयांना खरी वाटत नाही. अंत्रुजातील आणि सत्तरीतील कुळागरे झरींवर जगतात. डोंगरावरचे रान शाबूत असेल तर झर चैत्रापर्यंत वाहते. रान जळले, कापले वा खणले गेले की फाल्गुनातच तिची धार करंगळीएवढी होते आणि सुपारीच्या झावळ्या पिवळ्या पडू लागतात. नद्यांचे गोडे पाणी रोडावले की मांडवी-जुवारीत भरतीचे खारे पाणी आत-आत चढत जाते. खाजन शेतीचा बांध किंवा मानशीची फळी नादुरुस्त असेल तर वायंगणाचे उभे भात खारवते. साळावली, अंजुणे ही धरणे, ओपाचा प्रकल्प आणि तिळारीचा कालवा यांवर आपल्या शहरांची तहान भागते. कालव्याला भगदाड पडले की बारदेश-पेडण्यात काय हाल होतात, याचा अनुभव तेथील रहिवाशांना आहे. कालव्याची डागडुजी, मानशींची पाहणी, विहिरींचा गाळ काढणे ही कामे थंडी असतानाच व्हायला हवीत. आपल्याकडे ती बहुधा घागर रिकामी झाल्यावर सुचतात.

मग अंदाज मिळत नाही म्हणून हे होते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचे काम गेल्या दोन-तीन दशकांत निश्चितच सुधारले आहे. २०१६ पासून उन्हाळ्याच्या तोंडावर मार्च ते मे या काळातील तापमानाचा दृष्टिक्षेप प्रसिद्ध होतो. दर गुरुवारी पुढील काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज मिळतो. रोजचा इशारा हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल अशा रंगांत दिला जातो. पणजीत आल्तिनोवर वेधशाळा आहे, रडार आहे. जुने गोवे येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी हवामानावर आधारित सल्ला निघतो. विद्या आहे, यंत्रे आहेत, माणसेही आहेत. उणीव आहे ती शेवटच्या दोन कोसांची. इशारा वेधशाळेतून निघून मंत्रालयात जातो, तेथून परिपत्रक होऊन खात्यांत जातो, आणि पंचायतीच्या फलकावर पोचेपर्यंत लाट ओसरून गेलेली असते. भ्रमणध्वनीवर तो क्षणात येतो हे खरे. पण डोंगरात काजू वेचणारी बाई किंवा इमारतीच्या पराँचीवर उभा असलेला परप्रांतीय मजूर तो वाचतो काय, आणि वाचला तरी काम थांबवण्याचा अधिकार त्याला असतो काय?

अंदाजाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हवामान खात्याच्या हिशेबात कोकण आणि गोवा हा मिळून एकच विभाग आहे. डहाणूपासून काणकोणपर्यंतच्या या चिंचोळ्या पट्टीला एकच विशेषण लावले, तर ते वाळपईला आणि वास्कोला सारखेच लागू पडेल असे नाही. दीर्घ मुदतीचा अंदाज ही शक्यतेची भाषा असते. 'सरासरीपेक्षा अधिक तापमानाची शक्यता' याचा अर्थ प्रत्येक दिवस तापेल असा नव्हे. मार्चमध्ये एखादा उशिराचा झंझावात उत्तरेत आला की आपल्याकडे पुन्हा दोन दिवस गारवा येतो, आणि मग लोक अंदाजाची थट्टा करतात. तसेच ऊन ही काही आजची गोष्ट नाही, हे १९५२ आणि १९५६ च्या नोंदी सांगतातच. फरक पडला आहे तो दोन ठिकाणी. पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत असल्याने असे दिवस अधिक वेळा येऊ लागले आहेत. आणि आपण कौलांच्या जागी पत्रा आणि सिमेंट आणले, रस्त्याकडेचे वड-आंबे तोडले, आणि तीच ऊन्हे सोसण्याची आपली ताकद आपल्याच हाताने कमी केली.

तेव्हा करावे काय? आमच्या मते, थंडी ओसरल्याची वार्ता हाच दरवर्षीचा कामाचा मुहूर्त मानावा. देशात अहमदाबाद महानगरपालिकेने २०१० च्या भीषण उन्हाळ्यापासून धडा घेऊन २०१३ साली उष्णतेपासून बचावाचा कृती आराखडा तयार केला. तेथील उन्हाळा आपल्यापेक्षा प्रखर आहे. पण आराखड्याचे तत्त्व साधे आहे. कोणत्या रंगाचा इशारा आला की कोणी काय करायचे, हे आधी ठरलेले असावे. आपल्या नगरपालिकांनी आणि पंचायतींनी असा एक कागद फेब्रुवारीत तयार ठेवावा. नारिंगी इशारा आला की दुपारी बारा ते चार रस्त्याचे व बांधकामाचे काम बंद राहील, आणि त्या चार तासांची मजुरी कापली जाणार नाही, हे सरकारी कामांच्या करारातच लिहावे. मजुरी कापायची असेल तर मजूर उन्हातच उभा राहील, कारण उपाशी राहण्यापेक्षा ऊन त्याला बरे वाटते. मासळी बाजारात, बसस्थानकावर, आठवड्याच्या बाजारात सावली आणि प्यायला पाणी असावे. २०२५ साली आपल्याकडे माध्यमिक वर्गांचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू करण्याचा निर्णय अमलात आला, तेव्हा पालकांनी उन्हाचाच मुद्दा उपस्थित केला होता. वेळापत्रक कोणतेही असो, मुले तापल्या पत्र्याखाली बसणार नाहीत आणि दुपारच्या उन्हात बसची वाट पाहत तिष्ठणार नाहीत, एवढी हमी शासनाने दिलीच पाहिजे.

वनखात्याने जाळरेषा आखण्याचे काम फेब्रुवारीत पुरे करावे आणि त्यासाठी गावातल्याच तरुणांना हंगामी रोजगार द्यावा. रानाची वाट ज्याला ठाऊक आहे तोच वणवा लवकर पाहतो. काजू बागायतदारांनीही झाडाखालचा पाचोळा पेटवून साफसफाई करण्याची सवय आता सोडली पाहिजे. आपल्या बागेची सीमा वाऱ्याला ठाऊक नसते. शेजारच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आंबा-काजूसाठी हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. कमी तापमान, जास्त तापमान, अवकाळी पाऊस यांच्या नोंदीवर भरपाई ठरते. तेथील बागायतदारांची तक्रार ऐकण्यासारखी आहे : यंत्र एका ठिकाणी आणि बाग दुसऱ्या डोंगरावर, त्यामुळे बागेतले नुकसान यंत्राला दिसत नाही. विम्याचा खरा पाया हवामानाची जवळून केलेली नोंद हा आहे. आपल्या प्रत्येक तालुक्यात, समुद्राकाठी, पठारावर आणि घाटपायथ्याला, पुरेशी स्वयंचलित यंत्रे असावीत आणि ती चालू असावीत, ही मागणी शेतकरी संघटनांनी लावून धरावी. एका आमदाराच्या वाढदिवसाच्या फलकांवर जेवढा खर्च होतो, तेवढ्यात एखाद्या गावाचे हवामान मोजण्याची सोय होऊ शकेल.

यावर कोणी म्हणेल की एवढी आस्थापना उभारून तीन आठवड्यांत काय साधणार? आमचे उत्तर असे की पावसाची तयारी आपण वर्षानुवर्षे अशीच करीत आलो आहोत. मृगाच्या आधी कौले चाळतो, गटारे उपसतो, सरपण आत घेतो, पुरुमेंताची साठवण करतो. कोणी परिपत्रक काढत नाही. ती रीत अंगात मुरली आहे. पाऊस मोठा आहे, त्याची तयारी करावीच लागते, हे आपण पिढ्यान् पिढ्या जाणतो. उन्हाबद्दल ही जाणीव आपल्याला नव्हती, कारण समुद्र, माड आणि कौले यांनी आपल्याला राखले होते. ते राखणदार आता पूर्वीसारखे समर्थ राहिले नाहीत. म्हणून उन्हाच्या तयारीचीही रीत आपल्याला पाडावी लागेल.

आणखी काही दिवसांत शिगम्याचे ढोल-ताशे वाजू लागतील. मांडावर नमन होईल, घोडेमोडणी नाचेल, जांबावलीला गुलाल उधळेल. आपल्या पूर्वजांनी या उत्सवाचा मोठा भाग तिन्हीसांजेनंतर ठेवला. दिवसा उन्हे चढण्याआधी शेतातली कामे उरकायची आणि रात्रीच्या गारव्यात खेळायचे. त्यांच्याजवळ रडार नव्हते, पण वारा कोणत्या दिशेने सुटला आहे याकडे त्यांचे लक्ष असे. आपल्याजवळ रडार आहे. उत्तरेचा वारा ओसरला आहे आणि पूर्वेचा अजून सुटायचा आहे. या मधल्या आठवड्यांत पंचायतीच्या पहिल्याच बैठकीत विहीर, मानस, जाळरेषा आणि मजुराची दुपार हे चार विषय घ्यावेत, अशी आमची सर्व सरपंचांना आणि नगराध्यक्षांना विनंती आहे. बैठकीचे इतिवृत्त मार्गी लागण्याआधी ऊन येऊन ठेपलेले असेल.